चार रात्री कालव्यावर : इंग्लंडमधली भाड्याची नॅरोबोट

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढून मी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी धोमच्या डाव्या कालव्यावर गेली, बाकीची कराडकडं, खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या जुन्या कृष्णा कालव्यावर. आवर्तन सुरू झालं, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी कालव्यात सोडलं, की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन सेवापथानं फिरायचं, कुठं भराव पाझरतोय का, कुणी चारीचं (लहान पाटाचं) गेट परस्पर उचललंय का, ते बघायचं. पाणी कायम डाव्या हाताला, नाहीतर उजव्या. त्या पाण्यावर आपण मुक्काम करू, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. यंदाच्या जुलैत ते घडलं. साताऱ्या-सांगलीकडच्या ज्या आईवडिलांची मुलं तिकडं आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी लेक आणि जावई बारा वर्षं कॅनडात, ओटावाला. नात अकरा वर्षांची, नातू सात वर्षांचा, दोघंही तिथंच जन्मले. जावयांच्या कामामुळं हे चौघं दोन वर्षांसाठी इंग्लंडला, ब्रिस्टलला आलेत. घराची सवय अजून होतेय. ओटावात खिडक्यांना डास-माश्यांसाठी जाळ्या होत्या, इथं नाहीत. नातवाला मोरीत गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गारचा वेगळा का, हे कळत नाही. पण शनिवार-रविवार घरात बसायचं नाही असा लेकीचा नियम आहे. ओटावाहून टोरांटोला एका बाजूनं जायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्यात इथं लंडनला जाऊन परत येता येतं, म्हणून चौघांनाही सगळं जवळ वाटतं. स्टोनहेंज झालं, वेस्टनचा समुद्र झाला. वेस्टनला ओहोटीच्या वेळी पाणी इतकं मागं हटतं की नुसता चिखल दिसतो. भरती-ओहोटीतला फरक जगात सगळ्यात जास्त कॅनडातल्या बे ऑफ फंडीत, आणि वेस्टनसमोरचं सेव्हर्न नदीचं मुख त्याच्या पाठोपाठच्या मोजक्या जागांपैकी, ही माहिती मला नातीनं दिली.

मग एके रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, कालव्यावर राहायला जायचं का? चार रात्री. बोट आपणच चालवायची."

केनेट अँड एव्हन हा तो कालवा. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर, आणि दोन्ही टोकांना नदीचाच उपयोग करून घेतलाय. जॉन रेनी हा त्याचा अभियंता. १८१० साली काम पुरं झालं. नॅरोबोट म्हणजे त्यावरची लांबलचक पोलादी होडी. रुंदी अवघी ६ फूट १० इंच, कारण इंग्लंडच्या मधल्या भागातल्या जुन्या कालव्यांची लॉकं (बोट वर-खाली करायचे दरवाज्यांचे हौद) सात फुटी आहेत आणि बोट त्यात बसली पाहिजे. आमची बोट ५८ फूट लांब होती. जुन्या काळी ह्यातून कोळसा जायचा आणि काठावरून घोडा दोरानं बोट ओढायचा. घोड्याची ती वाट अजून तशीच आहे, त्यावरून आता लोक चालतात, सायकली नेतात. ती वाट बघितली आणि मला आमचा सेवापथ आठवला.

बोट सोमवारी दुपारी अडीचला ट्रोब्रिजजवळच्या धक्क्यावर ताब्यात मिळाली, शुक्रवारी सकाळी नऊला परत द्यायची. सहा जणांच्या बोटीचं चार रात्रींचं भाडं बाराशे पौंडांच्या पुढं गेलं. डिझेल वेगळं. रक्कम मोठी आहे. पण सहा माणसांचं चार रात्रींचं हॉटेल आणि फिरणं धरलं तर तिकडं फार वेगळा हिशोब होत नाही, कारण स्वयंपाक बोटीतच होतो. परवाना लागत नाही. कंपनीचा माणूस अर्धा तास शिकवतो आणि बोट हातात देतो.

पहिली तक्रार इथंच. आमच्या माणसानं वीस मिनिटांत उरकलं. त्याच्यामागं दुसरं कुटुंब वाट बघत होतं हे खरं, पण इंजिनाच्या मागच्या बाजूला पाण्यात जाणाऱ्या दांड्यापाशी ग्रीस भरायची जी चावी असते, ती रोज संध्याकाळी फिरवायची, हे त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. जावयांनी परत विचारून घेतलं म्हणून बरं. ती फिरवली नाही तर तिथून बोटीत पाणी झिरपतं. अशी गोष्ट घाईत सांगायची नसते. आपण बुकिंग करणार असाल तर हा अर्धा तास पूर्ण मागून घ्या, फोनवर चित्रीकरण करून ठेवा.

चालवणं तसं सोपं. मागं उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. तो डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे माणूस भराभर चालला तर बोटीच्या पुढं जाईल. समोरून बोट आली तर उजव्या अंगानं जायचं. सुरुवातीची दहा मिनिटं जावयांनी बोट दोन्ही काठांना लावली, नंतर हात बसला. काठाला बांधलेल्या बोटींजवळून मात्र अगदीच हळू जावं लागतं, नाहीतर लाटेनं त्यांच्या खुंट्या उपटतात. त्या बोटींत माणसं वर्षभर राहतात, छपरावर लाकडं, सायकली, तुळशीसारख्या कुंड्या. ज्यांना कायमची जागा नाही त्यांना दर चौदा दिवसांनी बोट पुढं न्यावी लागते. एका बाईनं खिडकीतून डोकं काढून आम्हाला हळू जायला सांगितलं. तिचं बरोबरच होतं, तिच्या चहाचा कप हलला असणार.

आता खरी गोष्ट लॉकची. आपला कालवा उताराला धरून काढतात, पाणी सतत वाहतं ठेवायचं, शेवटच्या चारीपर्यंत पोचवायचं. त्यांचा कालवा पाणी धरून ठेवायचा आहे. मैलच्या मैल पातळी सपाट, पाणी उभं. जिथं जमीन उतरते तिथं लॉक बांधायचं : दगडी हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, खालच्या दरवाज्यांच्या झडपा उघडायच्या, पाणी उतरेल तशी बोट उतरते. ना वीज, ना मोटर. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावच्या लॉकवर आम्ही मंगळवारी सकाळी पोचलो. दरवाजाचे दोन्ही पाखे मध्ये येऊन टोकदार भेटतात, टोक वरच्या पाण्याकडं, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवतो. खात्यात मी कितीतरी गेटं बघितली, रबरी सील लावूनही गळणारी. हे नुसतं लाकूड लाकडावर टेकलेलं, आणि गळती बोटभर धारेची. मी काठावर बसून हात लावून बघितला.

हा कालवा रुंद आहे, लॉक चौदा फुटी, म्हणून दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात. आमच्याबरोबर एक वयस्कर जोडपं आपली बोट घेऊन आत आलं. त्यांनीच नातीला दाखवलं : हौदाच्या भिंतीवर पांढरी रेघ आहे, उतरताना बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या मागं येता कामा नये. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा पुढं आलेला असतो, पाणी उतरलं की बोटीचं बूड त्यावर अडकतं आणि पुढचं टोक खाली जातं. बोटी अशाच बुडतात. नात काठावर उभी राहून सगळा वेळ त्या रेघेकडं बघत होती आणि वडिलांना 'पुढं, पुढं' असं हातानं सांगत होती.

तिला लॉक नवीन नव्हतं. ओटावाला त्यांच्या संसद भवनाच्या टेकडीखालून रिडो कालवा सुरू होतो, तिथं पायऱ्यांसारखी आठ लॉकं एकाखाली एक आहेत. कर्नल जॉन बायनं तो १८३२ साली पुरा केला, लांबी २०२ किलोमीटर. हिवाळ्यात शहरातला ७.८ किलोमीटरचा भाग गोठवून त्यावर स्केटिंग करतात. २०२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा घट्ट झालाच नाही, तो पट्टा पहिल्यांदाच एक दिवसही उघडला नाही, आणि त्या वर्षी नात रडली होती, हे लेकीनं सांगितलं. "आजोबा, आमच्या कालव्यावर आम्ही चालतो, यांच्या कालव्यावर तरंगतो, तुमच्या कालव्यात काय करतात?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "आमचा ऊस पितो." हसली, पण नंतर तिनं ऊस म्हणजे किती पाणी, हेही विचारलं, आणि मी संध्याकाळी तिला क्युसेकचा हिशोब वहीवर करून दाखवला.

झडप उघडायला एल आकाराची लोखंडी चावी देतात, विंडलस म्हणतात तिला. आपल्या गेटच्या हँडलचीच बहीण. नातवानं हट्ट धरला, मी त्याचे हात धरून फिरवू लागलो, आणि चावी दांड्यावरून निसटली ती थेट हौदात. कंपनीच्या कागदावर हरवलेल्या चावीचे पैसे लिहिलेले होते. नातू पांढराफटक पडला. शेजारच्या बोटीतले ते आजोबा काही न बोलता आत गेले आणि दोरीला बांधलेलं जाडजूड लोहचुंबक घेऊन आले. कालव्यावरचे लोक ते जवळ ठेवतातच म्हणे. दोनदा टाकलं, काही नाही. तिसऱ्या वेळी चुंबकाला गाळानं माखलेली चावी चिकटून वर आली, आणि तिच्याबरोबर दुसरीही एक, गंजून तांबडी झालेली, कुणाची कधी पडलेली देव जाणे. आमची आम्हाला दिली, जुनी नातवाच्या हातात ठेवली. ती आता ब्रिस्टलच्या घरी खिडकीत आहे. आम्ही त्यांना साताऱ्याचे कंदी पेढे दिले. आजीबाईंनी एक खाऊन उरलेले रुमालात बांधून ठेवले.

ब्रॅडफर्डच्या लॉकखाली उतरलं की थेट बाथपर्यंत एकही लॉक नाही. डावी-उजवी झाडी, राखी बगळे, एकदा खंड्याची निळी रेघ पाण्यावरून गेली. या टप्प्यात रेनीचे दोन जलसेतू आहेत, अ‍ॅव्हनक्लिफ आणि डंडास. आपल्याकडं कालवा ओढ्यावरून नेतो तसंच, फक्त इथं जलसेतूवरून बोट जाते. खाली एव्हन नदी, तिच्या काठानं रेल्वे, आणि आपण त्यांच्या डोक्यावरून ताशी दोन मैलांनी. दोन्ही ठिकाणी जलसेतूवर चढताना जवळजवळ काटकोनात वळावं लागतं, ५८ फुटी बोटीला तिथं घाम फुटतो. डंडास तीन कमानींचा, कालवा कंपनीच्या पहिल्या अध्यक्षांचं नाव दिलेला. अ‍ॅव्हनक्लिफची मधली कमान बांधल्यानंतर लवकरच खचली आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली. मी बोट बांधायला लावून खाली उतरलो आणि कमानीखालून बघितलं, तो झोल अजून डोळ्याला दिसतो. दगड जवळच्या खाणींतला आहे. रेनीला वीट हवी होती, कंपनीला आपल्या भागातला दगड खपवायचा होता. दुरुस्तीला नंतर विटाच वापरल्या. मालक आणि अभियंता यांचा हा वाद मला नवा नाही.

लिम्पली स्टोकच्या आसपासचा तुकडा वर्षानुवर्षं कोरडा पडला होता. डोंगरउतारावर काढलेला कालवा, खाली माती सरकणारी, आतून कालवलेल्या चिकणमातीचा थर, आपण धरणात काळ्या मातीचं हार्टिंग, म्हणजे पाणी अडवणारा गाभा, घालतो त्यातलाच प्रकार. तो फुटला की पाणी थांबत नाही. शेवटी काँक्रीटचं अस्तर घालून पुन्हा पाणी सोडलं. ब्रिटिशांच्या देशात कालवा बंद पडला कसा, असं मी जावयांना विचारलं. रेल्वेनं. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल गाडी सुरू झाली, मालाची वाहतूक तिकडं गेली, आणि १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीनं कालवा आपल्याकडं घेतला. शंभर वर्षांत लॉकं मोडली, गाळ भरला. मग गावोगावच्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ उपसला, पैसे जमवले, आणि १९९० साली राणीच्या हस्ते कालवा पुन्हा उघडला. हे ऐकून मी बराच वेळ पुढच्या टोकाला एकटा बसलो होतो. निवृत्तीच्या वर्षी मी माझ्या शाखेतल्या एका चारीचा अस्तरीकरणाचा प्रस्ताव तिसऱ्यांदा पाठवला होता.

क्लॅव्हर्टनचं पंपघर चुकवू नका. १८१३ पासूनचं आहे. एव्हन नदीच्या प्रवाहावर मोठं पाणचाक फिरतं, आणि त्या चाकाच्या जोरावर त्याच नदीचं पाणी ४८ फूट वर उचलून कालव्यात टाकतात. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी जुनं चाक चालवून दाखवतात. आम्हाला ते चालू सापडलं. जमीन थरथरते, तेलाचा वास, लाकडी दातांचा कुर्र आवाज. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या आपल्याकडच्या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलांवर वर्षानुवर्षं चाललेली भांडणं ज्यांनी जवळून पाहिलीत, त्यांनी तिथं दहा मिनिटं उभं राहावंच.

बाथबद्दल थोडक्यात : सिडनी गार्डन्समध्ये बोट बांधून चालत गावात जाता येतं, रोमन हमाम मुलांनी आवडीनं बघितले, गर्दी फार. बागेतून कालवा जातो तिथले ओतीव लोखंडाचे पूल १८०० सालचे आहेत, त्यावर साल कोरलंय. मला ते हमामापेक्षा आवडले.

आता बोटीतलं राहणं. पन्नास-साठच्या पुढच्या माणसांनी हे नीट वाचा. बोटीत चढायची पायरी गुडघ्याएवढी उंच आहे आणि मधल्या खोल्यांतून जाताना दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पलंगावर बसावं लागतं. सौ.ना गुडघ्याचा त्रास, पण काठ आणि बोट यांतलं अंतर जावयांनी प्रत्येक वेळी दोर ओढून बुजवलं, त्यामुळं निभावलं. पुढच्या टोकाला बसायला छान जागा असते, वारा लागत नाही, ती जागा आमच्या मंडळींची ठरून गेली. गॅसच्या दोन शेगड्यांवर तिनं कुळथाचं पिठलं, भात, थालीपीठ सगळं केलं. फोडणीचा वास काठावर गेला आणि कुत्र्याला फिरवणारा एक माणूस थांबून काय शिजतंय विचारून गेला. रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. काठावर दोन लोखंडी मेखा ठोकायच्या, दोर बांधायचे, इंजिन बंद करायचं. मग जो सन्नाटा होतो, त्यात पाण्याचा आवाजसुद्धा नाही. ३१ वर्षं मी रात्री कालव्याचा आवाज ऐकूनच पाणी किती चाललंय ते ओळखत आलो. पहिल्या रात्री त्या शांततेनं मला झोप आली नाही. दुसऱ्या रात्री आली.

शौचालयाची टाकी बंद असते, परत दिल्यावर कंपनी उपसते. चार दिवस सहा माणसांना पुरली. प्यायच्या पाण्याची टाकी मात्र रोज भरून घ्या, ठरावीक ठिकाणी नळ आहेत, त्याची किल्ली बोटीत मिळते. दोन माणसांनी अंघोळ केली की तिसऱ्याला गरम पाणी इंजिन चालल्याशिवाय येत नाही.

तक्रारी अजून दोन. मागच्या खोलीतली एक गादी दमट होती, तिला कोंदट वास येत होता. फोन केल्यावर 'शुक्रवारी बघू' असं उत्तर आलं, शुक्रवारी आम्ही निघालोच. आणि डिझेलचा हिशोब शेवटी तासांवर केला, दर आधी लेखी सांगितला नव्हता. चाळीसेक पौंडांचा फरक पडला. रक्कम लहान असली तरी आधी सांगायला हवं. चांगलं तेही सांगतो : बुधवारी पंख्यात प्लास्टिकची पोती अडकून बोट थांबली, तेव्हा कंपनीचा मुलगा तासाभरात गाडीनं आला, मागचं झाकण उघडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, सुरीनं पोती कापून काढली, आणि जावयांना तेच पुन्हा एकट्यानं कसं करायचं ते सावकाश शिकवून गेला. त्या मुलाला दहापैकी दहा. बोटीला आठ. त्या दिवशी धक्क्यावर घाई करणाऱ्याला पाच.

शुक्रवारी बोट परत देऊन आम्ही मोटारीनं डिव्हायझेसला गेलो. केन हिल : दोन मैलांत २९ लॉकं, २३७ फूट चढ. त्यातली १६ टेकडीवर सरळ रेषेत, आणि प्रत्येकाच्या कडेला पाणी साठवायला रुंद तळं, कारण दोन लॉकांच्या मध्ये जागाच नाही. बोटीनं चढायला अख्खा दिवस जातो. मी खालून वरपर्यंत चालत गेलो, प्रत्येक दरवाज्यापाशी थांबलो. नात माझ्याबरोबर होती, ती मोजत होती. एकविसाव्याला एक बोट चढत होती, दोघीच बायका, एक चालवत होती, एक दरवाजे उघडत होती. नातीनं न विचारता दरवाज्याच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावली आणि रेटा दिला. आधी काहीच हललं नाही. पाणी दोन्हीकडं समान झालं तसा तो एवढा मोठा दरवाजा अकरा वर्षांच्या पोरीच्या पाठीनं हळूहळू उघडत गेला.

पुढच्या जूनसाठी लेकीनं पूर्ण आठवड्याची बोट बघून ठेवलीय, या वेळी डिव्हायझेसच्या बाजूला. सौ. म्हणते गुडघे बघू. मी विंडलसला बांधायला सुतळी इथूनच नेणार आहे.